केनियातला कबिला, खुर्ची आणि फॉर्म ३४ए

आफ्रिकेतल्या निवडणुका आणि जमाती यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांत बहुतेक केनियाबद्दलचे निघाले. त्यामुळे या वेळी दुसऱ्या कोणत्याही देशाकडे न वळता केनियावरच थांबलो आहोत.

केनियात लोक जमात पाहूनच मत देतात असे वाचले. मग निवडणूक आणि शिरगणती यांत फरक तो काय उरला?
– एक वाचक, सांगली

शिरगणतीच आधी पाहू. २०१९च्या जनगणनेत केनियाची लोकसंख्या ४ कोटी ७६ लाख भरली. त्यात किकुयू ८१ लाख, लुह्या ६८ लाख, कालेंजिन ६४ लाख, लुओ ५१ लाख आणि कांबा ४७ लाख. सर्वांत मोठी जमात जेमतेम १७ टक्के आहे आणि पाची मोठ्या जमाती एकत्र आल्या तरी देशाच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच पोहोचतात. थोडक्यात, एकट्या जमातीच्या जोरावर कोणालाही राष्ट्राध्यक्ष होता येत नाही. मोट बांधावीच लागते, आणि ती दर पाच वर्षांनी नव्याने बांधली जाते. १९९२, १९९७ आणि २००७ मध्ये देशाच्या पश्चिम भागातल्या रिफ्ट व्हॅली या सुपीक पट्ट्यात कालेंजिन आणि किकुयू एकमेकांविरुद्ध उभे होते. २०१३ मध्ये हेच दोन समाज एका आघाडीत आले आणि जिंकले. रक्ताचे वैर असते तर पाच वर्षांत असे झाले नसते.

या जमातींची आजची नावेही फार जुनी नाहीत. ‘कालेंजिन’ म्हणजे ‘मी तुम्हाला सांगतो’. नंदी, किप्सिगिस, तुगेन, केयो, मराक्वेत अशा शेजारच्या समाजांनी १९४०च्या दशकात हे सामाईक नाव घेतले. ‘लुह्या’ हे छत्रही इंग्रजी अमदानीतलेच. त्याखाली बुकुसू, मारागोली वगैरे डझनावारी गट येतात, आणि निवडणुकीत ते क्वचितच एकगठ्ठा मत देतात. नेमके म्हणूनच प्रत्येक उमेदवार लुह्यांच्या पश्चिम केनियात ठाण मांडून बसतो.

वसाहत सरकारने जिल्हे आखले तेच जमातींच्या राखीव प्रदेशांच्या हद्दीवरून. पुढे इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात देशव्यापी आफ्रिकी पक्षांवर बंदी आली, आणि १९५५ पासून परवानगी मिळाली ती फक्त जिल्ह्यापुरत्या संघटनांना. राजकारणाचे पहिले धडे जिल्ह्यात, म्हणजेच जमातीत गिरवले गेले. १९६३ मध्ये स्वातंत्र्य आले तेव्हा पक्ष होते, पण त्यांचे पाय त्या कुंपणांतच रोवलेले होते.

जाता जाता एक शब्द. स्वाहिलीत जमातीला ‘कबीला’ म्हणतात आणि जातीयवादासारख्या वृत्तीला ‘उकबीला’. शब्द अरबी आहे. तोच आपल्याकडे येऊन ‘बायकामुलांचा कबिला’ झाला. केनियातल्या खेड्यात ‘आपला माणूस वर हवा’ म्हणतात, तेव्हा त्यात मराठी कबिल्याचीच ऊब जास्त असते. रस्ता, शाळा, नोकरी, जमिनीचा कागद हे सगळे खुर्चीवरच्या माणसाच्या ओळखीने मिळते, हा चार दशकांचा अनुभव त्यामागे आहे. सत्तेत असण्याला तिकडे ‘खाणे’ म्हणतात. मतदार विचारतो, या वेळी खायची पाळी कोणाची? आमच्या मते रोग जमात हा नाही. सगळे काही एकाच खुर्चीत साठवून ठेवणे, हा रोग आहे.

२००७च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसे मारली गेली. २०२२ ची निवडणूकही अटीतटीची होती, पण तसे काही घडले नाही. नेमके काय बदलले?
– राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

तुमच्या प्रश्नाला एक आकडा जोडतो. २००७ मध्ये सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष म्वाइ किबाकी (किकुयू) आणि विरोधी नेते राइला ओडिंगा (लुओ) यांच्यात अधिकृत फरक २,३१,७२८ मतांचा होता. २०२२ मध्ये विल्यम रुटो आणि तेच ओडिंगा यांच्यात तो २,३३,२११ चा होता. फरक जवळजवळ तेवढाच, हरलेला उमेदवारही तोच. पहिल्या वेळी १,१०० हून अधिक बळी गेले आणि लाखो लोक घरादाराला मुकले. दुसऱ्या वेळी प्रकरण न्यायालयात गेले आणि तिथे मिटले.

२००७ मध्ये मतदारसंघांतले निकाल नैरोबीला फोनने आणि फॅक्सने येत होते. केंद्रावरचा मूळ कागद आणि वर जाहीर झालेला आकडा यांचा मेळ सामान्य माणसाला घालताच येत नव्हता. निवडणूक आयोगातले सदस्य विरोधकांशी बोलून नेमायचे, असा १९९७ मध्ये समझोता झाला होता. किबाकींनी तो बाजूला ठेवून बहुतेक सदस्य स्वतःच नेमले. ३० डिसेंबरला संध्याकाळी निकाल जाहीर झाला आणि काही वेळातच राष्ट्राध्यक्ष निवासात शपथविधी उरकला. न्यायाधीशही राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेले, म्हणून ओडिंगांनी न्यायालयात जायला नकार दिला. कागद नाही, आयोगावर विश्वास नाही, न्यायालयाचे दार बंद. मग रस्ता उरला. पुढे न्यायमूर्ती योहान क्रीगलर यांच्या आयोगाने सांगितले की मोजणी इतकी दूषित झाली होती की खरा विजेता कोण हे ठरवणेच अशक्य आहे.

आग सर्वांत जास्त रिफ्ट व्हॅलीत पसरली, आणि त्याचे कारण जमीन. गोऱ्या शेतकऱ्यांनी बळकावलेली तिथली सुपीक जमीन स्वातंत्र्यानंतर विकली गेली. दाटीवाटीच्या मध्य केनियातल्या किकुयू कुटुंबांनी वसाहत योजनांतून आणि जमीनखरेदीच्या कंपन्यांतून ती घेतली. मूळ कालेंजिन आणि मासाई लोकांना ती आपली गेलेली जमीन वाटत राहिली. १९९२ आणि १९९७ मध्ये तर निवडणुकीच्या तोंडावरच घरे जाळून लोकांना हुसकावण्यात आले. त्यामागे थंड हिशेब होता. मतदाराचे नाव ज्या केंद्रावर आहे तिथेच त्याला मत देता येते. घर जळून परागंदा झालेला माणूस त्या मतदारसंघापुरता यादीतून गेल्यातच जमा. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटजवळ कियांबा इथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या किकुयू बायका-मुलांना जाळण्यात आले. महिना संपता संपता नाकुरू आणि नैवाशात उलट बाजूने लुओ आणि इतर समाजांच्या लोकांचे बळी गेले. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ ला करार झाला, ओडिंगा पंतप्रधान झाले, आणि नव्या राज्यघटनेची वाट मोकळी झाली.

ऑगस्ट २०१० मध्ये सार्वमताने आलेल्या या घटनेने दोन मोठे बदल केले. पहिला म्हणजे ४७ काउंट्या. प्रत्येकीला निवडून आलेला गव्हर्नर आणि स्वतःची विधानसभा, शिवाय सर्व काउंट्यांना मिळून राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा. राष्ट्राध्यक्षपद हरले तरी लुओंच्या किसुमू किंवा सियाया काउंटीत ओडिंगांच्या बाजूचा गव्हर्नर दवाखाने आणि काउंटीचे रस्ते चालवत असे. हरणाऱ्याच्या ताटातही काही पडू लागले. दुसरा बदल सर्वोच्च न्यायालयाचा. निकालानंतर ७ दिवसांत याचिका, आणि तिथून १४ दिवसांत निवाडा. १ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या पीठाने ४ विरुद्ध २ मतांनी सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षांची निवड रद्द केली. आफ्रिकेत असे प्रथमच घडले.

मात्र २०२२ च्या शांततेचे सगळे श्रेय घटनेला देणे खरे होणार नाही. त्या वेळी कालेंजिन रुटो आणि किकुयू मतदारांचा मोठा भाग एकाच बाजूला होते. रिफ्ट व्हॅलीतले दोन्ही शेजारी जिंकणाऱ्या गोटात होते. २०१७ मध्ये मात्र किसुमूत आणि नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत पोलिसांच्या गोळ्यांनी अनेक जण मेले, तेही याच घटनेखाली. विझलेल्या चुलीत निखारे नसतात, असे कोणी समजू नये.

मी शिक्षिका आहे आणि मतदान केंद्रावर ड्यूटी करते. मतदान संपल्यावर आम्ही झालेल्या मतांचा हिशेब असलेला फॉर्म १७-सी भरून उमेदवारांच्या एजंटांना देतो. केनियात केंद्राध्यक्षाला काय काय करावे लागते, आणि घोळ कुठे होतात?
– एक वाचक, बीड

मुख्य फरक हा की तिथे तुमची ड्यूटी संध्याकाळी संपली नसती. मतपत्रिका त्याच खोलीत, त्याच रात्री मोजाव्या लागतात.

मतदान सकाळी ६ ते संध्याकाळी ५. त्या वेळी रांगेत असलेल्यांना मत देता येते. एका केंद्रावर जास्तीत जास्त ७०० मतदार; शाळा मोठी असेल तर नावांच्या अक्षरांनुसार खोल्या वाटतात. २०२२ मध्ये अशी ४६,२२९ केंद्रे होती. मतदार राष्ट्रीय ओळखपत्र किंवा पासपोर्ट दाखवतो आणि ‘किम्स’ नावाच्या टॅबलेटसारख्या यंत्रावर बोट ठेवतो. ठसा जुळला की त्याला सहा रंगांच्या सहा मतपत्रिका मिळतात: राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, काउंटीची महिला प्रतिनिधी आणि वॉर्डाचा सदस्य. पेट्याही सहा, झाकणांचे रंग मतपत्रिकांशी जुळणारे. शेवटी बोटाला शाई.

पहिली अडचण बोटाचीच. चहाच्या मळ्यात किंवा दगडाच्या खाणीत राबलेल्या हातांचे ठसे झिजतात आणि यंत्र ओळखत नाही. मग ओळखपत्राचा क्रमांक टाकून नाव शोधायचे, एजंटांसमोर फॉर्म ३२ए भरायचा आणि मत देऊ द्यायचे. यंत्रच बंद पडले तर दुसरे मागवायचे, आणि तेही नसेल तर छापील यादी, पण आयोगाच्या परवानगीनेच. २०२२ मध्ये काकामेगाच्या काही भागांत आणि मकुएनीत ही वेळ आली. नवखा केंद्राध्यक्ष इथे गडबडतो आणि मतदाराला परत पाठवतो. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

मोजणीत केंद्राध्यक्ष प्रत्येक मतपत्रिका उलगडून नाव मोठ्याने वाचतो आणि एजंटांना दाखवतो. राष्ट्राध्यक्षपदाची मते आधी. मग फॉर्म ३४ए. त्यात नोंदलेले मतदार, प्रत्येक उमेदवाराची मते, बाद मते आणि एकूण वैध मते. केंद्राध्यक्ष सही करतो, एजंट करतात. एखाद्या एजंटाने सही नाकारली म्हणून निकाल रद्द होत नाही, पण कारण नोंदवायचे असते. एक प्रत एजंटांना, एक केंद्राच्या दारावर चिकटवायची, आणि त्याच किम्स यंत्राने मूळ कागदाचा फोटो काढून वर पाठवायचा. मूळ कागद पेटीबरोबर मतदारसंघाच्या केंद्रावर जातो. तिथे सगळ्या ३४ए ची बेरीज होऊन ३४बी बनतो, आणि देशाची बेरीज ३४सी वर. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम. नैरोबीत बसलेल्या आयोगाच्या अध्यक्षाला तो बदलता येणार नाही. दारावरच्या कागदाला खरी किंमत आली ती या निकालाने.

आता घोळ. दमलेल्या माणसाने पहाटे केलेली बेरीज चुकते, सातचा एक होतो. आकड्यात लिहिलेले आणि अक्षरी लिहिलेले जुळत नाही. नेटवर्क नसते, २०१७ मध्ये मतदानाच्या दोन दिवस आधी आयोगाने सांगितले की सुमारे ११ हजार केंद्रांवर थ्री-जी नाही, तिथून यंत्र घेऊन सिग्नलच्या जागी जावे लागेल. त्या वेळी न्यायालयाने निवड रद्द केली ती कोणी किती मते चोरली हे मोजून नव्हे. सगळे ३४ए हाती यायच्या आधीच निकाल जाहीर झाला होता, काही फॉर्मांवर सुरक्षाचिन्हे नव्हती, आणि न्यायालयाने सांगूनही आयोगाने सर्व्हर पूर्णपणे उघडून दाखवला नाही. प्रक्रियाच घटनेप्रमाणे झाली नाही, तर आकडा बघायचा कशाला, असा तो निवाडा. मतदानाच्या काही दिवस आधी आयोगाच्या संगणक विभागाचे प्रमुख ख्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झाला होता. त्यांचे नाव न घेता त्या वर्षाबद्दल लिहिणे आम्हाला योग्य वाटत नाही.

२०२२ मध्ये आयोगाने सगळे ३४ए चे फोटो संकेतस्थळावर खुले केले. वृत्तवाहिन्यांनी आपापल्या बेरजा सुरू केल्या आणि पडद्यावर वेगवेगळे उमेदवार पुढे दिसू लागले. लोक घाबरले. कारण साधे होते: एकाने आधी एका भागाचे फॉर्म घेतले होते, दुसऱ्याने दुसऱ्या भागाचे. जमातींचे प्रदेश इतके एकगठ्ठा असताना अर्धवट बेरजेला काहीच अर्थ नसतो. पुढे सातपैकी चार आयुक्तांनी निकालाशी आपला संबंध नाही असे जाहीर केले, तरी ३४ए कागद लोकांसमोर होते, आणि ५ सप्टेंबरला न्यायालयाने एकमताने निकाल कायम ठेवला.

खरी मेख मात्र तंत्रात नाही, ती माणसात आहे. पक्षाला ४६ हजार केंद्रांवर विश्वासू एजंट हवा, त्याला जेवणाचे आणि प्रवासाचे पैसे हवेत. आपल्या जमातीच्या भागात ते होते. विरोधकाच्या बालेकिल्ल्यात एजंट मिळत नाही, मिळाला तर तो शेजाऱ्यांच्या दबावाखाली असतो. पेटी फुगवायची असेल तर ती तिथेच फुगते, कारण सहा-सातशे डोकी एका सुरात असताना आक्षेप घेणारा कोणी नसतो. फॉर्म तपासताना मतदानाची टक्केवारी आजूबाजूच्या केंद्रांपेक्षा फार वर गेली आहे का, आणि त्यावर दुसऱ्या बाजूची सही आहे का, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून अधिक मते हवीत असे ऐकले. शिवाय काही प्रादेशिक अट आहे का?
– एक वाचक, नागपूर

आहे. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मते, आणि ४७ पैकी किमान २४ काउंट्यांत प्रत्येकी २५ टक्के. यातली एक जरी अट पुरी झाली नाही तर ३० दिवसांत पहिल्या दोघांची पुन्हा लढत. २०२२ मध्ये रुटोंना ५०.४९ टक्के मिळाली. निम्म्याच्या रेषेपेक्षा सुमारे ७० हजार मते जास्त. २५ टक्क्यांची अट त्यांनी ३९ काउंट्यांत पुरी केली, ओडिंगांनी ३४ मध्ये. बाद मते या हिशेबात धरायची नाहीत, हे न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवून दिले. उमेदवारी अर्जालाही अर्ध्याहून जास्त काउंट्यांतून प्रत्येकी २,००० मतदारांचा पाठिंबा लागतो. धर्म, भाषा, वंश किंवा जमात यांच्या आधारावर पक्ष काढायला घटनेने मनाई केली आहे. पक्ष त्यामुळे देशभराचे दिसतात. पण तिकिटे कोणाला आणि उपराष्ट्राध्यक्ष कोणत्या समाजाचा, हा सौदा बंद खोलीतच होतो. २०२२ मध्ये दोन्ही मोठ्या उमेदवारांचे जोडीदार किकुयूच होते.

माझा भाऊ कामानिमित्त नैरोबीत राहतो. भारतीयांना तिथे ‘४४वी जमात’ म्हणतात, असे तो सांगतो. याचा अर्थ त्याला मतदान करता येते का?
– एक वाचक, ठाणे

नाही. वर्क परमिटवर असलेल्या परदेशी नागरिकाला मत नाही. जुलै २०१७ मध्ये सरकारने केनियन आशियाई समाजाला ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, ती केनियाच्या नागरिकांना. २०१९च्या जनगणनेत ते सुमारे ४७ हजार भरले. सलग सात वर्षे कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण ते स्वीकारले की भारताचे नागरिकत्व जाते, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नंतर ओसीआय कार्ड घेता येईल, त्यावर भारतात मत मात्र देता येत नाही. भावाने हे समजून पाऊल उचलावे.

या मान्यतेचे खरे मोल दुसऱ्यांना जास्त कळते. मोझांबिकहून घायपाताच्या मळ्यांवर आलेल्या माकोंडे लोकांच्या कित्येक पिढ्या केनियात ओळखपत्राविना राहिल्या. ओळखपत्र नाही म्हणजे मतदारयादीत नाव नाही, बँकेत खाते नाही. २०१६ मध्ये ते नैरोबीपर्यंत चालत गेले आणि ४३वी जमात म्हणून नोंदले गेले. नुबियन आणि सोमाली तरुणांना तर वर्षानुवर्षे इतरांपेक्षा वेगळ्या, खास चौकशी समितीपुढे उभे राहून आजोबांचे कागद दाखवावे लागले. ज्या देशात जमात हा राजकारणाचा चलनी शिक्का आहे, तिथे यादीत नाव नसणे हे सर्वांत मोठे दारिद्र्य आहे.

२०२४ मध्ये तरुणांनी ‘आम्हाला जमात नाही, पक्ष नाही, नेता नाही’ असे म्हणत आंदोलन केले. आता जमातीचे राजकारण संपेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्धचे ते आंदोलन खरोखर सर्व भागांत पसरले होते. २५ जून २०२४ रोजी तरुण संसदेत घुसले, गोळीबारात बळी गेले, आणि दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयकावर सही करायला नकार दिला. नाकुरू, एल्डोरेट, किसुमू, मोम्बासा एकाच मागणीसाठी रस्त्यावर उतरणे, हे २००८ पाहिलेल्यांना अशक्य वाटले असते.

पुढच्या चार महिन्यांत जुना हिशेब परतला. रुटोंनी ओडिंगांच्या पक्षातली माणसे मंत्रिमंडळात घेतली. ऑक्टोबरमध्ये किकुयू उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गचाग्वा यांना महाभियोग चालवून काढले आणि त्यांच्याच माउंट केनिया भागातल्या पूर्व बाजूचे किथुरे किंडिकी यांना आणले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ओडिंगांचे केरळमधल्या कूथाट्टुकुलम इथे उपचार चालू असताना निधन झाले, आणि लुओ मते आता कोणाच्या मागे जाणार याची चर्चा अंत्यसंस्काराआधीच सुरू झाली.

तरुणांपुढची अडचण घोषणेपेक्षा साधी आहे: नोंदणी. २०२२ च्या यादीत १८ ते ३४ वयाचे मतदार सुमारे ४० टक्के होते, आणि त्यांची संख्या २०१७ पेक्षा घटली होती. जानेवारी २०२३ ते जुलै २०२५ आयोगाला अध्यक्ष आणि आयुक्तच नव्हते. मतदारसंघांची फेररचना घटनेने दिलेल्या मुदतीत, म्हणजे मार्च २०२४ पर्यंत झाली नाही. पुढची निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला आहे. तोवर ज्याने ओळखपत्र काढले, मतदारसंघाच्या कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे दिले आणि आपले केंद्र तपासून घेतले, त्याचेच मत त्या रात्री ३४ए वर चढेल.